निष्क्रिय पेशींची लस : चार दशकांच्या प्रयत्नांचा हिशेब

'कर्करोगावर लस सापडली' अशा आशयाचे मथळे दर काही महिन्यांनी वृत्तपत्रांत झळकतात आणि पुढचे काही दिवस मोबाइलवरून घरोघरी फिरत राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने कर्करोगावरील आपली लस तयार असल्याची व ती रुग्णांना मोफत देणार असल्याची घोषणा केली, तेव्हाही हेच घडले. ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे, त्या घरासाठी असा मथळा ही नुसती बातमी नसते. चालू असलेले उपचार थांबवावेत का, जमीन वा दागिने विकून परदेशी जावे का, असे प्रश्न त्यातून उभे राहतात. म्हणूनच या घोषणांकडे पाहताना त्यामागचा इतिहास ठाऊक असणे आवश्यक ठरते. तो इतिहास मोठ्या प्रमाणात घडला तो त्वचेच्या कर्करोगाच्या एका प्रकाराच्या, म्हणजे मेलॅनोमाच्या संदर्भात. कर्करोगाच्याच पेशी निष्क्रिय करून त्यांचीच लस टोचायची, ही कल्पना या रोगावर जितक्या चिकाटीने तपासली गेली, तितकी ती क्वचितच अन्य रोगावर तपासली गेली असेल.

प्रारंभीच एक घोटाळा दूर करायला हवा. लस म्हटले की आपल्यासमोर देवी, पोलिओ किंवा गोवर यांच्या लशी येतात. निरोगी माणसाला त्या आधी दिल्या जातात आणि रोग टळतो. कर्करोगातही अशा प्रतिबंधक लशी आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची लस ही त्यांपैकीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी स्वदेशी लस २०२३ मध्ये बाजारात आणली. परंतु ती लस विषाणूविरुद्ध आहे, गाठीविरुद्ध नाही. मेलॅनोमावरील लशी मात्र रोग झालेल्या माणसासाठी आहेत. शस्त्रक्रियेने गाठ काढल्यानंतर शरीरात उरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींना शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट करवून घेणे, हा त्यांचा हेतू. नाव एकच असले तरी ही दोन कामे एकमेकांपासून फार दूरची आहेत.

मेलॅनोमाच का?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून मेलॅनोमा उद्भवतो. त्वचेच्या कर्करोगांमध्ये त्याचे प्रमाण कमी, पण मृत्यू मात्र बहुतांशी त्याच्यामुळेच. तीळ किंवा चामखिळीसारखा दिसणारा डाग वेळीच कापून काढला तर रुग्ण बरा होतो. तोच लसिकाग्रंथींपर्यंत आणि तेथून फुप्फुस, यकृत वा मेंदूपर्यंत पोहोचला की गाठ अवघड होते. गोऱ्या वर्णाच्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिकेत, हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. साहजिकच संशोधनाचे केंद्रही तेथेच राहिले.

प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना या रोगाचे आकर्षण वाटण्यास आणखी एक कारण होते. क्वचित का होईना, मेलॅनोमाची गाठ कोणत्याही उपचाराविना आपोआप विरून गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग उमटतात आणि अशा रुग्णांचे पुढील आयुष्य तुलनेने बरे जाते, असेही आढळले. याचा अर्थ उघड होता. शरीराचे सैन्य रंगद्रव्याच्या पेशींवर तुटून पडले होते आणि त्या माऱ्यात गाठीच्या पेशीही सापडत होत्या. जे निसर्ग काही थोड्यांच्या बाबतीत करतो, ते लशीच्या साहाय्याने सर्वांच्या बाबतीत का करता येऊ नये, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

कल्पना जुनीच आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९० च्या दशकात कर्करोगाच्या रुग्णांना जिवाणू टोचून त्यांची प्रतिकारशक्ती चेतवण्याचा प्रयत्न केला होता. काही गाठी विरल्या, पण परिणामांची खात्री देता येईना. पुढे किरणोपचार व रसायनोपचार यांचे युग आले आणि कोलींचा मार्ग मागे पडला.

लस कशी बनते?

निष्क्रिय पेशींच्या लशीमागचा विचार सरळ आहे. गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यांवर किरणोत्सर्गाचा असा मारा करायचा की त्या पुन्हा विभागून वाढू शकणार नाहीत. त्यांच्या अंगावरील प्रथिनांच्या खुणा, म्हणजे प्रतिजन, मात्र शाबूत राहतात. या पेशी त्वचेत टोचल्या की प्रतिकारशक्तीच्या पेशींनी त्या खुणा ओळखाव्यात आणि मग तशाच खुणा बाळगणाऱ्या जिवंत गाठीचा शोध घेऊन तिच्यावर हल्ला करावा, अशी अपेक्षा असते. नुसत्या पेशी टोचल्याने शरीर फारसे सावध होत नाही. म्हणून तिच्या जोडीला चेतवणारा एखादा पदार्थ द्यावा लागतो. बऱ्याचदा ते काम बीसीजीकडे सोपवले गेले. भारतात नवजात बालकांना क्षयाविरुद्ध टोचली जाते व दंडावर व्रण ठेवून जाते, तीच ही बीसीजी.

संपूर्ण पेशीच का वापरायची, यालाही उत्तर होते. गाठीच्या कोणत्या खुणेवर हल्ला केल्यास ती नष्ट होईल हे नेमके ठाऊक नव्हते. संपूर्ण पेशी दिली की सगळ्याच खुणा एकदम प्रतिकारशक्तीपुढे ठेवता येतात, निवड शरीरानेच करावी. पुढचा प्रश्न होता तो पेशी कोणाच्या वापरायच्या हा. रुग्णाच्या स्वतःच्या गाठीपासून केलेली लस त्याला चपखल बसणारी. पण ती प्रत्येकासाठी निराळी बनवावी लागते, आणि गाठ लहान असेल तर पेशीच पुरत नाहीत. दुसऱ्यांच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींची लस मात्र कारखान्यात बनवून, गोठवून, हवी तेथे पाठवता येते. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठात डेव्हिड बर्ड यांनी पहिला मार्ग धरला. रुग्णाच्याच पेशींना एक रासायनिक रेणू जोडून त्या प्रतिकारशक्तीला 'परक्या' वाटाव्यात अशी योजना त्यांनी केली. दुसऱ्या मार्गावरचे सर्वांत मोठे नाव म्हणजे डोनाल्ड मॉर्टन.

मॉर्टन यांचा प्रयोग

डोनाल्ड मॉर्टन (१९३४-२०१४) हे अमेरिकी शल्यविशारद. मेलॅनोमाच्या गाठीत थेट बीसीजी टोचल्यास ती गाठ काही रुग्णांत विरते, हे त्यांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिले होते. त्यानंतर तीन वेगवेगळ्या रुग्णांच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींचे मिश्रण करून त्यांनी एक लस सिद्ध केली. कॅनव्हॅक्सिन या नावाने ती ओळखली जाते. अभिनेते जॉन वेन यांच्या नावाने कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथे उभ्या राहिलेल्या कर्करोग संस्थेत ती वर्षानुवर्षे रुग्णांना देण्यात आली. पहिल्या दोन मात्रांसोबत बीसीजी, नंतर केवळ पेशी, असा तिचा क्रम होता.

२००२ मध्ये मॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा तो आशादायक होता. लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला रोग शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या रुग्णांपैकी लस घेतलेल्यांत पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ४९ टक्के होते, तर लस न घेतलेल्यांत ते ३७ टक्के होते. बारा टक्क्यांचा फरक म्हणजे शंभरांत बारा माणसे. कोणत्याही रुग्णाला, कोणत्याही डॉक्टरला हा आकडा मोह घालणाराच होता. लस बाजारात आणण्यासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेली कॅन्सरव्हॅक्स ही कंपनी २००३ मध्ये शेअर बाजारात उतरली.

मात्र या तुलनेत एक कच्चा दुवा होता. रुग्णांना लस मिळावी की नाही हे सोडतीने ठरलेले नव्हते. लस घेण्यासाठी एखाद्या दूरच्या केंद्रात पोहोचणारा रुग्ण हा मुळातच थोडा धडधाकट असतो; शस्त्रक्रियेनंतर लगेच रोग उलटलेला रुग्ण तेथवर पोहोचतच नाही. शिवाय काळाबरोबर निदानाची साधने सुधारतात आणि नव्या काळातील रुग्ण जुन्या काळातील रुग्णांपेक्षा आपोआपच बरे दिसू लागतात. संशोधकांनी दोन्ही गटांतील रुग्णांच्या जोड्या जुळवून हा दोष कमी करण्याचा प्रयत्न केला होता. परंतु माहीत असलेल्या गोष्टींच्याच जोड्या जुळवता येतात, माहीत नसलेल्या गोष्टींच्या नाही.

या शंकेचे निरसन करण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे सोडत. आणि मॉर्टन यांनी तो टाळला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. दोन मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. एकीत रोग लसिकाग्रंथींपर्यंत गेलेले सुमारे ११६० रुग्ण, तर दुसरीत रोग दूरच्या अवयवांत पसरूनही शस्त्रक्रियेने काढता आलेले ४९६ रुग्ण. निम्म्यांना बीसीजी व लस, निम्म्यांना बीसीजी व निरुपद्रवी द्रव. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही.

एप्रिल २००५ मध्ये स्वतंत्र देखरेख समितीने दुसऱ्या चाचणीचे आकडे पाहिले व लाभ दिसण्याची शक्यता नाही, असा निष्कर्ष काढला. ती चाचणी थांबली आणि कंपनीचा समभाग गडगडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली चाचणीही थांबवण्यात आली. पुढे सविस्तर निकाल जाहीर झाले तेव्हा चित्र अधिकच विचार करायला लावणारे होते. पहिल्या चाचणीत पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण लस घेतलेल्यांत सुमारे ५९ टक्के, तर लस न घेतलेल्यांत सुमारे ६८ टक्के होते. रुग्णांची निवड व काळ निराळा असला, तरी लस न मिळालेल्या या गटाची कामगिरी जुन्या हिशेबातील लस मिळालेल्या गटापेक्षाही सरस ठरली. जुन्या आकड्यांशी केलेली तुलना किती फसवी ठरू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. कॅन्सरव्हॅक्स २००६ मध्ये दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली.

एकटे अपयश नव्हे

कॅनव्हॅक्सिनचे अपयश हे एखाद्याच लशीचे असते तर गोष्ट वेगळी. पेशी फोडून त्यांच्या अर्कापासून बनवलेल्या मेलासिन या लशीला कॅनडाने १९९९ मध्ये परवानगी दिली होती. पण अमेरिकेतील ६८९ रुग्णांच्या चाचणीत रोग उलटण्याच्या प्रमाणात एकूण गटाला लाभ दिसला नाही. ऑस्ट्रेलियात पीटर हर्सी यांनी विषाणूच्या साहाय्याने फोडलेल्या पेशींची लस ७०० रुग्णांत तपासली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात लस घेतलेल्यांकडे थोडासा कल दिसला, तो संख्याशास्त्राच्या कसोटीला मात्र उतरला नाही. बर्ड यांच्या लशीलाही निर्णायक चाचणीतून बाजारापर्यंतचा मार्ग सापडला नाही.

२००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील स्टीव्हन रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच संस्थेतील लशींचा परखड हिशेब मांडला. पसरलेला कर्करोग असलेल्या ४४० रुग्णांना विविध लशी दिल्यानंतर गाठ लक्षणीय आकुंचन पावली ती केवळ २.६ टक्क्यांत. स्वतःच्या कामाबद्दल इतके स्पष्ट बोलण्याचे धैर्य विज्ञानातही सर्रास आढळत नाही. लशींच्या मार्गाचा फेरविचार करावा लागेल, हा त्यांचा सूर होता.

प्रश्न असा की, इतका सुसंगत वाटणारा विचार फसला कोठे? पहिले कारण ओळखीचे आहे. गाठीच्या पेशीवरील बहुतांश खुणा निरोगी पेशींवरही असतात. स्वतःच्या पेशींवर हल्ला करू नये, हे शिक्षण प्रतिकारशक्तीला जन्मापासून मिळालेले असते. दुसऱ्याच्या गाठीपासून केलेली लस टोचली की शरीर चवताळून उठते, पण ते त्या परक्या माणसाच्या खुणांवर. रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतील वेगळेपण त्या गर्दीत हरवून जाते. दुसरे कारण अधिक मूलभूत होते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना चेतवणारी व्यवस्था असते तशी त्यांना आवरणारीही असते आणि गाठ या लगामांचा स्वतःच्या बचावासाठी उपयोग करून घेते. लस म्हणजे घोड्याला टाच मारणे. लगाम खेचून धरलेला असताना घोडा कितीसा धावणार?

लगाम सुटला तेव्हा

जेम्स अ‍ॅलिसन यांनी नेमका हा लगाम हेरला. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवर केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. उंदरांतील मेलॅनोमावर निष्क्रिय पेशींची लस एकटी कुचकामी ठरली आणि लगाम सोडवणारे प्रतिद्रव्यही एकटे कुचकामी ठरले. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र गाठी नाहीशा झाल्या. उंदरांत जमलेले माणसांत जमेलच असे नाही, याचा प्रत्यय पुढे आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत इपिलिमुमॅब हे प्रतिद्रव्य एका खुणेपासून बनवलेल्या लशीसह व तिच्याशिवायही देऊन पाहिले. प्रतिद्रव्य घेतलेले रुग्ण सरासरी सुमारे दहा महिने जगले, मग लस सोबत असो वा नसो. केवळ लस घेतलेले सुमारे साडेसहा महिने. लशीने भर घातली नाही, लगाम सोडवण्याने घातली.

२०११ मध्ये या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि २०१४ मध्ये दुसरा लगाम सोडवणारी दोन औषधे आली. २०१८ चे नोबेल पारितोषिक अ‍ॅलिसन व जपानचे तासुकू होन्जो यांना मिळाले ते याच कामासाठी. दोन प्रकारची औषधे एकत्र दिलेल्या, पसरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनंतरही जिवंत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. एकेकाळी जेथे महिन्यांचा हिशेब चाले, तेथे आता दशकाचा होऊ लागला आहे.

याच पार्श्वभूमीवर लस पुन्हा परतली आहे, पण वेश बदलून. आता रुग्णाच्या गाठीतील जनुकीय बिघाड वाचले जातात, निरोगी पेशींत नसलेल्या अशा जास्तीत जास्त ३४ खुणा निवडल्या जातात आणि त्यांचा संदेश आरएनएच्या रूपात टोचला जातो. मॉडर्ना व मर्क यांच्या अशा लशीच्या १५७ रुग्णांच्या चाचणीत, लगाम सोडवणाऱ्या औषधाच्या जोडीला लस दिल्यास रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रुग्णाची स्वतःची गाठ, तिचेच वेगळेपण आणि सोबत सुटलेला लगाम, अशी ही रचना आहे. जुन्या प्रयोगांनी दाखवलेल्या दोन्ही उणिवा भरून काढण्याचा प्रयत्न तिच्यात स्पष्ट दिसतो. तरीही १५७ ही संख्या लहान आहे आणि फरक योगायोगाचा असण्याची शक्यता तिने पूर्णतः मिटवलेली नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या व हजाराहून अधिक रुग्णांच्या चाचणीचा कौल त्यासाठीच महत्त्वाचा. कॅनव्हॅक्सिनचा इतिहास ठाऊक असलेला कोणीही त्या कौलाआधी विजयाची तुतारी फुंकणार नाही.

आपल्याकडील प्रश्न

भारतात मेलॅनोमा दुर्मीळ आहे. जो आढळतो तो बऱ्याचदा तळपाय, तळहात वा नखांखाली आढळतो, आणि तळपायावरील काळा डाग भोवरी किंवा जुनी जखम समजून दुर्लक्षित राहतो. येथील रुग्णासाठी नव्या लशीहून वेळीच झालेले निदान अधिक मोलाचे आहे. परंतु या इतिहासाचा दुसरा भाग आपल्याला थेट भिडतो. लगाम सोडवणारी औषधे अन्य अनेक कर्करोगांतही उपयोगी पडतात आणि त्यांचा खर्च लाखांच्या घरात जातो. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र बनवावी लागणारी लस याहून स्वस्त कशी असेल?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर शोधले आहे. डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांत तेथील डॉक्टरांनी निव्होलुमॅब हे औषध प्रचलित मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी मात्रेत देऊन पाहिले. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. यातील लक्षणीय गोष्ट ही की, डॉक्टरांच्या अनुभवावर विसंबून न राहता येथेही रुग्णांची विभागणी सोडतीनेच केली गेली. मॉर्टन यांच्या आशेला ज्या कसोटीने खोटे ठरवले, त्याच कसोटीने मुंबईच्या आशेला खरे ठरवले.

मॉर्टन यांची लस गेली, पण त्यांनीच रूढ केलेली, रोग प्रथम ज्या लसिकाग्रंथीत पोहोचतो तेवढीच काढून तपासण्याची पद्धत जगभर टिकली आणि तिने असंख्य रुग्णांची मोठी शस्त्रक्रिया वाचवली. त्या दोन चाचण्यांत सहभागी झालेल्या साडेसोळाशे रुग्णांनाही लशीचा लाभ झाला नाही. मात्र निष्क्रिय पेशी एकट्या पुरेशा नाहीत हे त्यांच्यामुळेच निर्विवाद कळले आणि पुढची अनेक वर्षे चुकीच्या वाटेवर खर्ची पडली नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी 'कर्करोगावर लस' असा मथळा दिसला, तर रुग्णाच्या नातेवाइकांनी चारच प्रश्न विचारावेत. ही लस रोग टाळणारी आहे की रोग झाल्यावर द्यायची? कोणत्या कर्करोगावर, कोणत्या टप्प्यावर? ती किती रुग्णांत तपासली? आणि तुलना सोडतीने झाली की जुन्या आकड्यांशी? यांची उत्तरे घोषणेत नसतील, तर चालू उपचार सोडण्याचे काहीच कारण नाही.